भट्टीच्या चित्राचं ओरिजिनल

तीक्ष्ण नजर अख्ख्या गोव्यात दोघांनाच मिळाली आहे, एक घारीला आणि दुसरी रुद्रेशला, असं खुद्द रुद्रेशचं मत होतं. "माणसाची चप्पल बघून मी त्याच्या आजोबांचं गाव सांगतो," हे तो डिचोलीच्या बाजारात कुणालाही अडवून ऐकवायचा. स्वतःची चप्पल मात्र दर देवळाबाहेर हरवायची आणि ती शोधायला बायको लागायची. पोस्टाने केलेल्या गुप्तहेरीच्या कोर्सचं सर्टिफिकेट कायम त्याच्या खिशात. झेरॉक्स. ओरिजिनल 'सुरक्षेच्या कारणास्तव' दाखवता येत नसे. खरं कारण बायकोला, म्हणजे तनयाला, ठाऊक होतं. पण संसार करायचा म्हणजे सगळंच बोलून चालत नाही.

त्या सकाळी एका केससाठी दोघं कोरगावला निघाली. स्कूटर तनयाने हाकली, कारण गुप्तहेराने मागे बसून परिसर न्याहाळायचा असतो. लायसन्सच्या परीक्षेत गडी आपटला होता, ते वेगळं.

कोरगावची गौरवी चित्रं काढायची आणि त्यांचे कॅनव्हासवर हुबेहूब प्रिंट काढून विकायची. प्रिंटवरच तिचं भागायचं. ओरिजिनल विकायचा योग पहिल्यांदाच आला होता. काजूची फेणी गाळायच्या भट्टीचं तिचं चित्र पणजीच्या योगिताबाईंनी घेतलं. गौरवीने ते आपल्या हाताने कागदात गुंडाळून ओसरीवर ठेवलं. पार्सल पोचलं, बाईंनी उघडलं, तर आत प्रिंट!

"'ओरिजिनल म्हणून छापील माल खपवतेस?' म्हणाल्या," गौरवी रडत सांगू लागली. "दुपारी येतायत. ओरिजिनल नाही मिळालं तर सगळ्या गॅलऱ्यांत सांगणार, ही बाई लबाड आहे म्हणून. मग माझा प्रिंट तरी कोण घेणार हो, दादा?"

बाईंनी प्रिंटच्या पाठीचा फोटो पाठवला होता. कोपऱ्यात निळा गोल शिक्का, अक्षरं फिसकटलेली.

"टोळीची खूण!" रुद्रेश ओरडला. "आंतरराष्ट्रीय टोळी. माल एव्हाना मोपाच्या विमानतळावरून फ्रान्सला उडाला."

"काजूच्या भट्टीसाठी?" तनया म्हणाली.

"फ्रेंच लोकांना दारूची कदर असते."

मग त्याने पार्सलवाल्या प्रवीणला फोनवर दरडावलं. "गुंडाळलेलं उचललंय, गुंडाळलेलं दिलंय," प्रवीण म्हणाला. "आत काय ता बघूक मी कोण, कस्टमवालो?" आणि फोन आपटला. गुन्हेगार असेच चिडतात, असं रुद्रेशने तनयाला समजावलं.

नंतर भिंग निघालं. भिंतीवरच्या प्रिंटांना नाक लावत तो पुढे सरकला आणि एकदम थबकला. "हेच ओरिजिनल! हा काळा फटकारा बघ. काय जाडी, काय आवेश!"

तनयाने नखाने तो फटकारा उडवला. मेलेला डास होता.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ह्या माणसाने गौरवीकडेच डोळे बारीक केले. "ओरिजिनल तू मुळात काढलंच नसशील तर?"

"मग प्रिंट कशाचे काढले? तुमच्या डोक्याचे?"

तेवढ्यात गौरवीची सासू प्रभावती चहा आणि पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, बांगडीच्या आकाराची कडक कांकणं घेऊन आली. "कित्याक गो रडतंस? भट्टीचा चित्र? ता तर ह्येंच्या कपाटात आसा."

"आई! मग सांगितलं का नाहीत?"

"माका कोणी इचारल्यान?"

'हे' म्हणजे गोकुळदास. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हाक मारल्यावर आले ते रागावूनच. "मीच काढून ठेवलंय! ह्या सुनेन ओरिजिनल बांधून ठेवलेला! ओरिजिनल कोण भायर देता? जन्मभर लोकांक सांगत इलंय, ओरिजिनल घरात, भायर झेरॉक्स. मी प्रिंट घालून परत बांधलंय, पाठीर सत्यप्रतीचो शिक्कोय मारलंय!"

कपाट उघडलं. शेताच्या उताऱ्यावर आणि रेशनकार्डाखाली, प्लॅस्टिकमध्ये, भट्टीचं चित्र.

"लॅमिनेट करून हाडतलंय होतंय," गोकुळदास म्हणाले, "पण पेडण्याच्या दुकानदाराचा मशीन ल्हान पडला."

गौरवीने चित्र उचलून घेतलं. मग त्या उताऱ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, माझ्या चित्रांना तुम्ही रिकामटेकडे धंदे म्हणायचा."

"अजूनय म्हणतंय. पण ओरिजिनल ता ओरिजिनल."

ह्या माणसाने आयुष्यात कधी चित्राला बरं म्हटलं नव्हतं, आणि ठेवलं कुठे, तर जमिनीच्या कागदांबरोबर. गौरवीला रडावं की हसावं कळेना. तिने दोन्ही केलं.

दुपारी योगिताबाई तणतणत आल्या आणि सगळं ऐकून हसत सुटल्या. तरी 'ओरिजिनल मिळालं' अशी तारीख घालून पोच लिहून घेतल्याशिवाय गोकुळदासांनी चित्र सोडलं नाही. शिक्क्याचा प्रिंटही बाईंनी विकत घेतला. असा दुसरा कुणाकडे असणार, म्हणाल्या.

रुद्रेशने घसा खाकरला. "माझ्या अंदाजाप्रमाणेच, काम घरातल्याच माणसाचं निघालं."

कुणी मान वर केली नाही. तेव्हा त्याने खिशातलं सर्टिफिकेट गोकुळदासांपुढे धरलं. "काका, ह्याच्यावर पण एक सत्यप्रतीचा शिक्का मारा बघू."

गोकुळदासांनी पेटीतून शिक्का काढून समोर ठेवला, चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि रिकामा हात पुढे केला. "ओरिजिनल हाड. ता बघल्याशिवाय शिक्को नाय."

रुद्रेशने तनयाकडे बघितलं. तनयाला सकाळपासूनचा डास, फ्रान्स आणि गौरवीचा रडवेला चेहरा आठवला.

"ओरिजिनल नाही, काका," ती म्हणाली. "ह्यांनी परीक्षा दिलीच नाही. कोर्सच्या जाहिरातीत नमुन्याचं सर्टिफिकेट होतं, त्यावर नाव चिकटवून झेरॉक्स काढलीय."

गोकुळदासांनी कागद परत केला आणि शिक्का पेटीत ठेवला.

"झेरॉक्स मात्र बरी इल्या हां," ते म्हणाले.