फिडल थांबता कामा नये

लिडियाबाईंनी नवाकोरा टेपरेकॉर्डर डायनिंग टेबलावर आणून ठेवला आणि त्यावरचं विणलेलं कापड बाजूला सारलं, तेव्हाच ग्रेगरी तुस्कानो खुर्चीतून अर्धा उठला.

"भावानं वसईहून कॅसेट पाठवलीय," लिडियाबाई म्हणाल्या. "लग्नाची सगळी गाणी, फिडलासकट. याची तार तुटत नाही, याला घाम येत नाही, आणि हा मधेच थांबून लोकांच्या तोंडाकडं बघत बसत नाही."

शेवटचा टोमणा चार्ल्ससाठी होता. नाताळच्या कार्यक्रमात चार्ल्सच्या फिडलाची तार तुटली होती आणि अख्खा हॉल गप्प झाला होता. त्या दिवसापासून कतारच्या दोह्यातल्या वसईकरांच्या फिडल मंडळाची पत घसरली ती घसरलीच. ग्रेगरी मंडळाचा अध्यक्ष. मेसईदच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता आणि इंग्रजी अर्ज फर्डे लिहायचा, म्हणून अध्यक्ष झाला होता. फिडल त्याला वाजवता येत नव्हतं असं नाही, पण त्याचं वाजवणं आजवर कोणी पुरतं ऐकून घेतलेलं नव्हतं. खरा वाजवणारा एकच, चार्ल्स. हॉस्पिटलात कारकून होता आणि बापाचं फिडल उराशी धरून विमानानं इथं आला होता.

"लिडियाबाय, एक चान्स द्या," ग्रेगरी म्हणाला. "पोरीच्या लग्नाच्या पाण्याला फिडलच वाजेल. आणि एकदाही थांबलं, तर मी स्वतः मंडळाला कुलूप लावीन!"

"लावालच. मी टेप मांडीवर घेऊनच बसणार आहे."

लिडियाबाई हॉस्पिटलात नर्स. दिलेला शब्द आणि दिलेलं इंजेक्शन त्या परत घेत नसत.

मुलीला आणि होणाऱ्या जावयाला, दोघांनाही रजा मिळाली नव्हती, म्हणून लग्न दोह्यातच होतं. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायची रीत. पण अल मुंतझासारख्या शहरी वस्तीत विहीर कुठली?

"नळाचं घेऊ," ग्रेगरीनं सुचवलं.

"नळाचं?" आग्नेस आंटी उसळल्या. सगळ्या रीतीभाती त्यांच्या तोंडपाठ होत्या. "मग शॉवरखालीच लग्न लावा की! पाणी विहिरीचंच पाहिजे. आणि पाणी भरल्यापासून ते उंबऱ्याच्या आत येईपर्यंत फिडल थांबता कामा नये. मधे थांबलं तर अपशकुन."

ग्रेगरी हार मानणारा माणूस नव्हता. साताऱ्याकडचा केरबा कुठल्याशा मळ्यातल्या विहिरीचं पाणी टँकरनं शहरात आणायचा. ग्रेगरीनं त्याला गाठलं. बेत ठरला: टँकर मैदानात थांबेल, तिथं तांब्याची कळशी भरायची आणि टँकरच्याच मागच्या फळीवर बांधायची. कळशीशेजारी चार्ल्स उभा राहून वाजवील. मागून बशीर ड्रायव्हरच्या पिकअपमध्ये मंडळी येतील.

"पर मला घर कसं कळायचं, सायेब? समद्या बिल्डिंगी सारख्याच दिसत्यात," केरबानं विचारलं.

"सोपं आहे. फिडल वाजतंय तोवर चालवत राहा. थांबलं की घर आलं समज."

हे ग्रेगरीनं केरबाला मंगळवारी सांगितलं. आणि गुरुवारी मैदानात चार्ल्सच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आज मंडळाची लाज तुझ्या हातात आहे. आभाळ कोसळो, पाणी उंबऱ्याच्या आत जाईपर्यंत तू थांबायचं नाहीस."

"नाही थांबणार," चार्ल्स दात आवळून म्हणाला.

दोन्ही सूचना आपापल्या जागी अगदी चोख होत्या.

वरात झोकात निघाली. दुकानदार बाहेर आले, पोरं टाळ्या वाजवत धावली. लिडियाबाईंची बिल्डिंग आली. गॅलरीतून नवरीनं हात हलवला. चार्ल्सनं मान लववली आणि वाजवत राहिला. आणि टँकर बिल्डिंगसमोरून शांतपणे पुढं निघून गेला.

"अरे, अरे! थांब!" ग्रेगरी पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा राहून ओरडला.

"पाणी आत गेलं का?" चार्ल्सनं वाजवता वाजवता ओरडून विचारलं.

"कसं जाईल? घर मागं राहिलं!"

"मग मी कसा थांबू?"

टँकर राउंडअबाउटला पोचला. सरळ गेलं तर मेसईद, डावीकडं समुद्र. फिडल तर वाजतंय, म्हणजे घर अजून यायचंय. केरबा विचारी माणूस होता. कुठंच न जाता तो गोल फिरत राहिला. बशीरनं पिकअप टँकरच्या बाजूला आणली. ग्रेगरीनं उभ्यानंच दोन्ही हात जोरजोरात हलवले. सायेब रंगात आलेत, असं वाटून केरबानंही एक हात बाहेर काढून ठेका धरला.

"साब, ये आदमी पागल है क्या?" बशीरनं खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"नहीं, बहुत आज्ञाकारी है," ग्रेगरी कण्हत म्हणाला. मग तो पुन्हा चार्ल्सकडं वळला. "चार्ल्स, माझं ऐक, एक मिनिट थांब..."

"ग्रेगरीभाऊ!" मागून लिडियाबाईंचा आवाज आला. टेपरेकॉर्डर त्यांच्या मांडीवर होता आणि बोटं बटणांवर. "तो थांबला की मी दाबलंच!"

चार्ल्सचा हात भरून आला होता. कळशीतलं पाणी हिंदकळत होतं. पोलीस शिट्टी फुंकत "यल्ला, यल्ला!" करून गाड्या पुढं हाकत होता. थांबवलं तर मंडळ खलास, नाही थांबवलं तर नवरी कोरडी.

ग्रेगरीनं पायांजवळची पेटी ओढली. आत मंडळाचं जादा फिडल होतं. बशीरला पिकअप टँकरच्या अगदी मागं लावायला सांगून त्यानं डोळे मिटले आणि गज तारांवर ओढला.

पिकअपमधल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. चार्ल्सनं दचकून मागं पाहिलं. फिडल वाजतंय, मग ते कोणाचं का असेना! त्यानं हायसं वाटून स्वतःचा गज खाली घेतला. त्याच क्षणी लिडियाबाईंनी बटणं दाबली. टेपमधून काहीच आवाज आला नाही. त्यांनी त्याला दोन चापट्या मारल्या, तरी तो मुकाच.

टँकर थांबेना. फिडल वाजतच होतं ना! पण राउंडअबाउट सोडून केरबा तडक माघारी वळला आणि जरा वेळानं, बरोब्बर बिल्डिंगसमोर, त्यानं कचकन ब्रेक मारला. मागं बशीरनंही मारला, तरी पिकअपचा टँकरला धक्का बसलाच. अर्धी कळशी उसळून ग्रेगरीच्या डोक्यावर आली. नाकातोंडात पाणी गेलं, पण त्यानं गज सोडला नाही.

"गाडीचा पट्टा गेला!" केरबा खाली उडी मारत ओरडला. "कवापासनं केकाटतोय! म्हनलं रस्त्यात बंद पडंल, म्हनून माघारी आनली, हितं जागा घावली."

चार्ल्सनं लगेच सूर उचलला. आग्नेस आंटींनी उरलेलं पाणी डोक्यावर घेतलं आणि वाजतगाजत कळशी जिना चढून उंबऱ्याच्या आत गेली. मग कुठं ग्रेगरी जमिनीवर बसला. त्याला रडू येत होतं.

"थांबलं नाही, लिडियाबाय!"

"चार्ल्स तर थांबला होता," लिडियाबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "मधे जे काही वाजलं, त्याला मी फिडल म्हणणार नाही. तो टँकरवालासुद्धा पट्टा म्हणाला. बोलल्याप्रमाणं कुलूप लावा. पोरांना नाचायला आता टेपच लावते."

ग्रेगरीनं ओलं फिडल सदऱ्याला पुसलं. चार्ल्स फिडल पेटीत ठेवू लागला. लिडियाबाईंनी कॅसेट मागं फिरवली आणि बटण दाबलं.

आधी एक भयंकर किंकाळी आली. मग बशीरचं "या अल्ला!" मग ब्रेक, पाण्याचा सपकारा, आणि त्यावर चढत गेलेला, घोगरा, रडवेला बाईमाणसाचा आवाज: "वाजवा हो ग्रेगरीभाऊ! थांबू नका! माझ्या पोरीचं पाणी आहे, थांबू नका!"

खोलीत सगळे लिडियाबाईंकडं बघू लागले. धक्क्याधक्क्यात त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटणही सोबत दाबलं होतं. भावाची गाणी पुसली गेली होती आणि त्यांच्यावर हे उमटलं होतं. लिडियाबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण टेप बंद केला नाही.

तेवढ्यात काळे हात पुसत केरबा दारात आला. पट्टा धडधाकट असल्यानं तो चक्रावला होता. टेप ऐकताच त्याचे डोळे चमकले.

"ह्योच! ह्योच आवाज! म्हनलं न्हवतं का, पट्टा?"

"पट्टा नव्हे रे, केरबा," लिडियाबाई म्हणाल्या. "फिडल आहे ते. आमच्या मंडळाचं."

मग भिजलेल्या अध्यक्षांच्या हातात टॉवेल देत त्या हळूच म्हणाल्या, "धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. उद्यापासून प्रॅक्टिस करा. दार लावून."