नावाड्याचं आमंत्रण

दुबईच्या विमानतळावरून एका थीम पार्कच्या दारापर्यंत फुकट बस जाते. गार हवा, मऊ खुर्च्या, खिडक्यांना पडदे. पार्कच्या हॉटेलात खोली घेतली की बसमध्ये जागा आपोआप मिळते. डोकं चालवायची गरजच नाही. शौकी मन्सूरनं नेमकं तिथंच डोकं चालवलं. "बस नको, आम्ही आमच्या गाडीनं येऊ," असं त्यानं हॉटेलला कळवून टाकलं आणि गोदामातल्या एका मित्राची जुनी गाडी दिवसभरासाठी मागून आणली.

कारण साधं होतं. बसमध्ये माणसं असतात. माणसांत बापलेकीनं बोलायचं काय? गाडीत कसं, पोरगी शेजारी बसलेली, दार लावलेलं, पार्क तासाभराच्या वाटेवर. एकदा पार्कात शिरलं की पाळणे, घसरगुंड्या आणि किंकाळ्या. तेव्हा जे काही जमवायचं ते रस्त्यातच जमवायला हवं. (शौकी फरश्यांच्या गोदामात हिशेबनीस होता. तीन वर्षांचा दुरावा तासाभराच्या रस्त्यात भरून काढायचा, हा हिशेब त्याला अगदी बरोबर वाटत होता.)

नदाला त्यानं शेवटचं पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. इजिप्तमधल्या त्यांच्या गावच्या, दमनहूरच्या स्टेशनवर त्याचा शर्ट मुठीत धरून रडली होती. पुढं दर सुट्टीत काहीतरी आडवं आलं. एकदा मालकानं रजा नाकारली, एकदा आईचं आजारपण निघालं आणि तिकिटाचे पैसे औषधात गेले. आता आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून बायकोला, अमानीला, हलता येत नव्हतं. म्हणून शाळेच्या हिवाळी सुट्टीत नदा एकटीच येत होती, वरच्या मजल्यावरच्या हाजी अतियांच्या सोबतीनं. हाजींचा मुलगा रमझान इकडंच नोकरीला होता, त्याला भेटायला तेही निघाले होते. नदा आठवडाभर राहणार होती खरी, पण शौकीला मोकळा असा हा एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून गोदामात मालाची मोजदाद सुरू होणार होती आणि नदा त्याच्या चुलत वहिनीकडं राहणार होती.

अलीकडं फोनवर ती "हो", "नाही" आणि "अभ्यास आहे" एवढंच बोलायची. पोर आपल्याला विसरत चाललीय या भीतीनं त्याची झोप उडाली होती. कुणाला सांगणार? गोदामात सगळ्यांचीच पोरं लांब होती.

विमानतळाच्या दारातून ती बाहेर आली तेव्हा शौकी तिच्या मागं बघत होता. व्हिडिओ कॉलवर माणूस गळ्यापर्यंतच वाढतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. समोरची उंच मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाबा, मीच."

त्यानं तिला जवळ घेतलं. पूर्वी तो तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा. आता हनुवटी ठेवायला जागाच राहिली नव्हती. नेमकं काय करावं हे न कळून त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं, हिशेब चोख ठेवणाऱ्या नव्या कारकुनाच्या पाठीवर थोपटावं तसं.

तेवढ्यात मागून गाठोडी, पिशव्या आणि दोरीनं करकचून बांधलेला पत्र्याचा डबा ओढत हाजी अतिया आले. सत्तरीचे, भरघोस मिशांचे आणि खणखणीत आवाजाचे.

"घे बाबा, तुझी अमानत! केसालाही धक्का लागलेला नाही. रमझानची ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे. मी बसतो इथं बाकड्यावर. तुम्ही निघा."

आता इथं थोडं सांगायला हवं. इजिप्तमध्ये 'नावाड्याचं आमंत्रण' म्हणून एक प्रकार असतो. नावाडी नदीच्या मधोमध भाकरी सोडून बसतो आणि काठावरच्या माणसांना मोठ्यानं हाक घालतो, "या मंडळी, जेवायला!" काठावरचे कुणी पोहत येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असतं आणि त्यांनाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण हाक घातली नाही तर माणूस हलकट ठरतो.

"छे छे, हाजीकाका! बाकड्यावर कसले बसता? चला आमच्याबरोबर," शौकी म्हणाला.

"नको रे. बापलेकी भेटताय, मध्ये मी कशाला?"

"असं कसं? चलाच."

"अरे नको म्हणतो ना."

झालं होतं. दोनदा विचारून झालं, दोनदा नको म्हणून झालं, उभयतांची अब्रू शाबूत. आजवर अशा वेळी अमानी त्याला कोपरानं ढोसायची. दुसऱ्या नकारानंतर बरगडीत बसणारं ते कोपर म्हणजे 'आता पुरे' असा इशारा असायचा. शौकीनं सवयीनं ते कोपर बसायची वाट पाहिली. पण अमानी दमनहूरला त्याच्या आईला पेज भरवत बसली होती. बरगडी मोकळी राहिली आणि तोंड सुटलं.

"अल्लाची शपथ हाजीकाका, तुम्ही आला नाहीत तर मीही इथून हलणार नाही!"

तिसऱ्या वेळी आणि तेही शपथेवर! त्यानंतर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडात मारणं. हाजींनी डोळे पुसले.

"बघ नदा, बाप असा असावा. घे ही पिशवी."

वडीलधारं माणूस पुढंच बसणार. हाजी पुढच्या सीटवर बसले, डबा पायाशी ठेवला, आणि नदा मागं गाठोड्यांमध्ये बसली. आरशात शौकीला तिचं फक्त कपाळ दिसत होतं. बोलायचं ते आता त्या कपाळाशी.

हमरस्त्याला लागल्यावर त्यानं घसा साफ केला. पहिलं वाक्य त्यानं आठवडाभर घोकलं होतं.

"नदा, शाळा कशी चाललीय?"

"अरे पहिली आली ना गणितात!" हाजी म्हणाले. "भूगोलात मार खाल्ला. पण तो मास्तरच तसला आहे."

"बरं... आणि चित्रं काढतेस का अजून? मी रंगांची मोठी पेटी आणलीय तुझ्यासाठी."

"चित्रं? ती केव्हाच सुटली! आता हँडबॉल. हात मोडल्यापासून अम्मा ओरडते, पण ही ऐकेल तर शपथ."

गाडी जरा डावीकडं गेली. मागच्यानं भोंगा वाजवला.

"कुणाचा हात मोडला?"

हाजी एकदम खिडकीबाहेरच्या उंच इमारतींकडं फार लक्ष देऊन पाहू लागले. मागून नदा म्हणाली, "माझा. मागच्या वर्षी. आता बरा आहे, बाबा. तुम्हाला काळजी नको म्हणून अम्मानं सांगितलं नव्हतं."

प्लास्टर असताना ती फोनवर कशी बोलायची, ते शौकीला आठवलं. गळ्यापर्यंतच दिसायची. हात कधी दिसलाच नव्हता. दवाखान्यात कोणी नेलं हे त्याला विचारायचं होतं, पण उत्तर शेजारच्या सीटवर बसलं होतं, म्हणून त्यानं विचारलं नाही.

मग वास सुटला. पायाशी ठेवलेल्या डब्यात फसीख होता, महिनाभर मिठात मुरवलेला मासा. विमानात डबा कुठंतरी चेपला होता आणि आता पाणी गळायला लागलं होतं. मित्राच्या गाडीतल्या गालिच्यानं ते मुकाट्यानं पिऊन घेतलं.

"काचा खाली घेतो," शौकी घाईनं म्हणाला. "नदाला हा वास अजिबात सोसत नाही. नाक दाबून जिन्यात पळायची ही."

"आता मला फार आवडतो, बाबा," नदा म्हणाली.

"माझ्यापेक्षा जास्त खाते!" हाजी म्हणाले. "बरं शौकी, हा मासा आता थांबायचा नाही. रमझानची खोली जबल अलीलाच आहे, तुझ्या वाटेवर. जेवणाच्या सुट्टीत तो खोलीवर येतो. डबा नुसता हातात द्यायचा आणि पुढं व्हायचं."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. शौकीनं गाडी वळवली. नुसता डबा द्यायला किती वेळ लागणार?

रमझान कामगारांच्या खानावळीत आचारी होता. बापाला बघून तो रस्त्यातच रडला, डबा बघून हसला आणि मग गाडीच्या खिडकीला लटकला.

"उतरा, शौकीभाई! न जेवता इथून पाऊल टाकलंत तर मला तलाकची शपथ!"

शौकी हबकला. रमझान अविवाहित होता. म्हणजे शपथ मोडली तर बिचाऱ्याला आधी लग्न करावं लागणार आणि मग तलाक द्यावा लागणार! पण शपथ ती शपथ. नदा तर केव्हाच उतरली होती.

"तुम्ही वर व्हा. मी गाडी लावून आलोच," तो म्हणाला.

त्या गल्लीत गाडी लावायला जागा असती तर त्या दिवशीची गोष्ट वेगळी झाली असती. एक फेरी झाली, दुसरी झाली. वरच्या मजल्यावर खिडकी उघडी होती आणि तिच्यातून हसण्याचे लोट बाहेर येत होते. त्यात एक हसू नदाचं होतं. ते त्याला लगेच ओळखू आलं. उंची बदलली, आवाज बदलला, पण हसता हसता मध्येच श्वास अडकायची ती खोड तशीच होती. तो खिडकीखाली गाडी हळू करायचा, थोडं ऐकायचा आणि मागचा ट्रक ओरडला की पुढं जायचा. त्याला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. एकदा नदानं खिडकीतून डोकावून हाक मारली, "बाबा, या ना!"

"आलोच! जागा मिळू दे!"

जागा मिळून तो वर पोचला तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. माशाचे काटे, कांद्याची पात, भाकरीचे तुकडे. रमझानचे सोबती गोल करून बसले होते आणि मधोमध नदा भूगोलाच्या मास्तरची नक्कल करत होती. शौकी दारात दिसताच सगळे अदबीनं उठून उभे राहिले. "या या, नदाचे बाबा!" नक्कल थांबली. नदानं ओढणी सारखी केली.

"थांबलीस का? मलाही सांग ना," तो म्हणाला.

"काही नाही, बाबा. असंच."

उरलेला मासा रमझाननं भाकरीत गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. "गाडीत खा. उशीर नको."

निघताना मात्र शौकीच्या मनात आशा पालवली. हाजींना आता मुलाची खोली मिळाली होती. ते गादीवर टेकलेही होते. जिन्यातून खाली उतरताना त्यानं दुसरं घोकलेलं वाक्य मनात घोळवलं, 'नदा, मी परत यावं असं तुला वाटतं का?' हे वाक्य फक्त दोघांतच बोलता येण्यासारखं होतं. गाडीचं पुढचं दारही त्यानं तिच्यासाठी उघडून धरलं.

नदा दारापाशी थांबली आणि वळून खिडकीकडं बघत ओरडली, "हाजीआजोबा, तुम्हीपण चला ना!"

"नको गं बाळे, मी दमलो."

"चला ना! तुम्ही नसलात तर मजा नाही. मी सायकल शिकताना तुम्हीच म्हणाला होतात ना, मोठ्या पाळण्यात आपण दोघं बसू?"

हे आमंत्रण काही नावाड्याचं नव्हतं. सायकल कोणी शिकवली, तेही शौकीला तिथंच कळलं. त्यानं मान वर केली आणि सर्व ताकद गोळा करून म्हणाला, "चला, हाजीकाका." या वेळी त्यानं एकदाच म्हटलं. एकदा पुरे झालं.

पुढच्या सीटवर हाजी, आरशात कपाळ. वाटेत एक ट्रक उलटलेला होता, त्यामुळं गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. हाजी आणि नदा एकमेकांना कोडी घालत होते. शौकीला दोन-तीन कोडी सुटली, पण रस्त्यावरून नजर काढून तो बोलायच्या आत हाजींनी उत्तर देऊन टाकलेलं असायचं. हातातली भाकरी स्टिअरिंगवर गार झाली.

पार्कच्या दारात पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. दारावरच्या मुलीनं गोड हसून तिकिटं परत केली. "आजचा प्रवेश बंद झाला, सर. बसनं आला असतात तर दुपारीच पोचला असतात."

कुंपणापलीकडं मोठा पाळणा अजून फिरत होता. शौकीला तिथंच बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं. "चुकलं माझं, नदा. सगळा दिवस वाया घालवला तुझा," तो म्हणाला.

"नाही बाबा, काही वाया नाही गेला," ती म्हणाली. त्याचा पडलेला चेहरा बघून तिनं त्याच्या बाहीवरून हातही फिरवला. आजारी माणसाच्या अंगावरून फिरवतात तसा.

त्या स्पर्शानं त्याला धीर आला. हॉटेलच्या बागेत हाजी खुर्चीत घोरत होते. आता तरी बोलू, म्हणून तो आंब्याचा रस आणायला गेला. लहानपणी तिला तो फार आवडायचा. (अजूनही आवडतो का, हे विचारायला हाजी जागे नव्हते, म्हणून त्यानं स्वतःच्या हिमतीवर आणला.) पेले सांभाळत तो परत आला तेव्हा नदा त्याच्याकडं पाठ करून आईशी फोनवर बोलत होती. तिचा आवाज इतका खुशीत होता की तो झाडापाशीच थांबला.

"हो अम्मा, खूप मजा आली! हाजीआजोबांनी गाडीत मासा सांडला! रमझानचाचांकडं जेवलो, मी मास्तरची नक्कल केली, सगळे लोळत होते. नाही, पार्क बंद झाला होता. असू दे गं. कोण? बाबा?"

बराच वेळ आठवून पाहावं लागलं तिला.

"बाबा गाडी चालवत होते," ती म्हणाली. मग बापाबद्दल काहीतरी चांगलं बोलायला हवं असं वाटून तिनं पुढं जोडलं, "पण अम्मा, छान चालवतात हं."