समेट झालेला चावा

नारिन नदीकाठच्या आमच्या गावात मंगळवारी सकाळी ओमुर्झाक मेंढपाळाला कुत्रा चावला. पोटरीवर चार दात उमटले, ओवीच्या चरणांसारखे एकाखाली एक. बायको बुरुलचाने साबण चोळून पाव तास जखमेवर ओढ्याचं पाणी सोडलं आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं.

लस फ्रीजमध्ये होती. परिचारिका शारकानने फॉर्म काढला.

"कुत्र्याचा मालक कोण, ओमुर्झाकभाऊ?"

"गावप्रमुख इशेनाली."

शारकानचं पेन थांबलं. "मग हा आजार नाही, तंटा आहे. आधी दाढीवाल्यांकडे जा."

आमच्याकडे तंटा पांढऱ्या दाढीच्या पाच वडीलधाऱ्यांच्या न्यायमंडळापुढे जातो. मंडळाचं काम एकच, समेट घडवणं. चहाच्या फेऱ्यांनंतर शुक्रवारी कामकाज सुरू झालं.

"कुत्रा चावला तेव्हा तू काय केलंस?" अध्यक्ष कोजोमकुल आजोबांनी विचारलं.

"ओरडलो."

"म्हणजे आवाज आधी तू चढवलास."

"अहो आजोबा, त्याच्या तोंडातून लाळ गळत होती," बुरुलचा म्हणाली. "झोकांड्या खात होता!"

"लग्नात इशेनालीचे पाहुणेही तसेच चालतात, सूनबाई. त्यांना आपण पिसाळलेले म्हणतो का?"

इशेनाली आणि ओमुर्झाकची गळाभेट झाली, एकच रोटी दोघांनी मोडून खाल्ली, पाच जोड्या हात आशीर्वादाला उचलले गेले. ठराव झाला: उभय पक्षांत सलोखा झाल्याने सदर चावा घडलाच नाही, असे समजण्यात यावे.

दवाखान्यात शारकानने ठराव दोनदा वाचला. "न घडलेल्या चाव्याला लस कशी देऊ, वहिनी?"

"मग देणार कधी?"

"पाण्याची भीती वाटायला लागली, घोट उतरेना, वारा सोसेना, की घेऊन या. तेव्हा पुरावा पक्का असतो."

"तेव्हा लस लागू पडते?"

"छे! तेव्हा माणूस वाचत नाही. पण कागद लगेच होतो."

त्याच दुपारी दुधाच्या गाडीत नवऱ्याला घालून बुरुलचाने जिल्ह्याचं इस्पितळ गाठलं.

लसीच्या रांगेत सगळ्यात पुढे, बाही वर करून, गावप्रमुख इशेनाली बसला होता. मनगटावर दातांचे ताजे व्रण होते.

"कुत्रा कुणाचा?" डॉक्टरने त्याला विचारलं.

इशेनालीने बुरुलचाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "भटका होता, साहेब."

"आणि तुमचा?" डॉक्टर ओमुर्झाककडे वळला.

"तोच भटका," बुरुलचा म्हणाली. "टोचा लवकर."

डॉक्टरने दोघांना टोचलं, जखमांभोवती तयार प्रतिपिंडांची वेगळी सुई दिली, पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या हातात ठेवल्या. परतीच्या गाडीत तिघं शेजारी बसले आणि वाटभर हवामानावर बोलले.

दोघंही आज ठणठणीत आहेत. गावाच्या दप्तरात मात्र अजून कुणालाही कुत्रा चावलेला नाही. आम्ही हा विषय काढत नाही. तुम्हीही काढू नका. शेवटी तुमच्या शेजाऱ्यांचा कुत्राही स्वभावाने गरीबच असेल, आणि शेजाऱ्यांशी रोजचं येणं-जाणं असतं.