सुधरत जाणारी जपानी नर्स

आमच्या शेजारचे वाघमारे काका जपानी बायकांना बॉलपेनने ब्लाऊज घालत. तेही लांब बाह्यांचे.

झालं असं, की बशीरभाईंच्या रद्दीच्या दुकानात पुण्याहून आलेल्या गठ्ठ्यात मोठ्या माणसांसाठीची एक जपानी चित्रकथा निघाली. एक सज्जन नर्स वाईट संगतीला लागते, असं काहीतरी. अक्षर कुणालाच लागत नव्हतं, चित्रं मात्र सगळ्यांना समजत होती. काकांनी ती मागून घेतली आणि सभ्य करायला बसले.

त्या वर्षी उदगीरला पाणी नव्हतं, पण जिल्हा होणार अशी हवा जोरात होती. टँकरची वाट बघत सगळी गल्ली घागरी मांडून नव्या जिल्ह्यावर बोलायची. काका मात्र पालथ्या डब्यावर बसून पुस्तक उघडायचे.

"ही पोरगी बघा. आधी दारू, सिगरेट, नाही नाही ते. अन् आता पानागणिक सुधरून राहिली. लई गुणाचे लोक हायेत जपानचे."

"सुधरून नाही काका, बिघडून राहिली," बशीरभाई म्हणायचे. "हे आमच्या उर्दूवानी उजवीकडून वाचायचं. तुम्ही शेवटाकडून सुरू करून राहिले."

"न्हाई. सुधरतीच ती."

हा वाद रोजचा. मी एकदा डावीकडून पाहिली, एकदा उजवीकडून. मला दोन्हीकडून पटली आणि डोकं चालेनासं झालं.

मग पानांवरचे आकडे दिसले. ते उजवीकडून चढत होते. सोक्षमोक्ष लावायला मी काकांच्या घरी गेलो आणि आकडे दाखवले.

काका हळू आवाजात म्हणाले, "ठावं हाय मला. निजामाच्या वख्ताला पयली-दुसरी उर्दूतच शिकलो म्या."

"मग?"

"सरळ वाचलं की पयल्या पानावर माय तिला दारातून वाटंला लावती, अन् पुढं पोरगी हातची जाती. माझ्या बाजूनं वाचलं की शेवटी ती घरी येती. माय दारातच असती."

आत काकू तांदूळ निवडत होत्या. काकांनी आवाज आणखी उतरवला.

"आमचा पोरगा मिलिंद लातूरला दारूत बुडाला. लई दिस झाले, घरी न्हाई. ही रातीला दाराला कडी घालू देत न्हाई. हिला वाचता येत न्हाई, चित्रं बघती. पानं मीच उलटतो."

मी पुस्तक मिटलं.

संध्याकाळी टँकरपाशी बशीरभाईंनी विचारलं, "काय ठरलं मग? कोणाचं बरोबर?"

"काकांचं," मी म्हणालो.

"ते कसं?"

काका शेजारीच उभे होते, त्यांनी माझी घागर उचलून रांगेत स्वतःच्या घागरीपुढे ठेवली.