टीव्हीला लागलेलं कुलूप

पाच वाजता बायको टीव्हीवर दिसणार होती, आणि पावणेपाचला कळलं की टीव्हीला कुलूप लागलंय. त्यातून हे घर किल्लीवाल्यांचं.

चाळीस वर्षांत किल्लीवाल्यांनी तिजोऱ्या उघडल्या होत्या, मोटारी उघडल्या होत्या, एकदा तर न्हाणीघरात अडकलेल्या न्यायाधीशांची टॉवेलसकट सुटका केली होती. जुना टीव्ही मात्र त्यांनी हट्टाने टिकवला होता. प्रक्षेपण डिजिटल झालं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा जो तो म्हणाला, नवा घ्या. त्यांनी एक कन्व्हर्टर बॉक्स आणला. अँटेनाची वायर बॉक्समध्ये, बॉक्सची वायर टीव्हीत. मुंग्या गेल्या, माणसं आली. मग ते रिमोट घेऊन बॉक्सच्या मेनूत हिंडू लागले. तिथे 'लॉक' हा शब्द दिसताच त्यांचे हात शिवशिवले. चार आकडे पुटपुटत दाबले, कुलूप लागलं. पुन्हा दाबले, उघडलं. "मजबूत आहे," असा शेरा देऊन ते जेवायला बसले.

बायको त्रेसष्टाव्या वर्षी पोहायला शिकली होती. गेल्या महिन्यात साठीच्या वरच्या बायकांच्या शर्यतीत ती दुसरी आली, आणि त्या शर्यतीचं चित्रण आज एकदाच दाखवणार होते. किल्लीवाल्यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर ही बातमी दिली. आज तर पोहायला शिकवणाऱ्या बाईंना आणि मेहुणीला त्यांनी घरीच बोलावलं.

"कशाला एवढा गाजावाजा?" बायको सकाळपासून म्हणत होती.

"अगं, दुसरी आलीस! गंमत आहे का?"

आणि आता पाहुण्यांसमोर पडद्यावर अक्षरं उमटली होती: सर्व वाहिन्या लॉक आहेत. पालकांनी क्रमांक टाकावा.

"पालक कुठून आणायचे आता?" मेहुणी म्हणाली.

"थांबा हो, माझंच कुलूप आहे." किल्लीवाल्यांनी ऐटीत चार आकडे दाबले. क्रमांक चुकीचा आहे.

ते चपापले. स्वतःच लावलेलं कुलूप! मग त्यांना वाटलं, नंतर कधीतरी आपणच आकडा बदलला असेल. बदलला तर काय ठेवला असेल? अर्थात, लग्नाची तारीख. "बावीस... पाच," ते पुटपुटले. चुकीचा आहे. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पदराशी चाळा करत बसली.

"मग हिचा वाढदिवस! चौदा... सहा."

"अय्या!" मेहुणी खूश झाली. "भावोजींच्या माझा वाढदिवस लक्षात आहे!"

पडद्यावर नवीन ओळ आली: तीन प्रयत्न संपले. एक तासाने पुन्हा प्रयत्न करा.

"जाऊ द्या ना आता," बायको भलत्याच समंजसपणे म्हणाली. "नाही दिसलं तर काय बिघडतंय? मी चहा टाकते."

"चहा नको!" किल्लीवाले ओरडले. तिचा हा मोठेपणा पाहून त्यांना अधिकच भरून आलं होतं. त्यांनी बॉक्स विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"बॉक्सच्या मागे टाचणीएवढं भोक आहे," दुकानदार म्हणाला. "त्यात काहीतरी खुपसून दाबून धरा. सगळं पुसलं जाईल. वाहिन्या मात्र पुन्हा शोधाव्या लागतील."

भोक म्हटल्यावर किल्लीवाल्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. हत्यारांच्या पेटीतून बारीक तार काढली, बॉक्स कानाशी धरला, डोळे मिटले. खट! बॉक्स कोरा झाला. सगळं पुसलं गेलं, त्यात मराठीही गेली. पडद्यावर कुठल्यातरी अगम्य लिपीतला मेनू आला.

"भिंगाचं चित्र दिसतंय ना, ते दाबा," पोहण्याच्या बाई म्हणाल्या. किल्लीवाल्यांनी दाबलं. एक निळी पट्टी गोगलगाईसारखी सरकू लागली. पाच वाजले. पाच वाजून पाच झाले. बायको देवासारखी स्वस्थ बसली होती.

पाच वाजून नऊ मिनिटांनी चित्र आलं, तेही चौकोनांत. एका चौकोनात पाणी, दुसऱ्यात कुणाचा तरी कान.

"अँटेना!" किल्लीवाले कडाडले. मेहुणीने अँटेना उचलून खिडकीबाहेर धरली, आणि चौकोन जुळले.

तलाव दिसला. त्यात दोनच बायका होत्या.

"बाकीच्या?" किल्लीवाल्यांनी विचारलं.

"एवढ्याच होत्या," बाई छताकडे बघत म्हणाल्या.

त्यातली एक सरसर पोहून पलीकडे पोहोचली, वर आली, केस पुसले, चष्मा घातला आणि काठावर बसली. दुसरी अजून मध्यावर होती. ती थांबली. तिने दोरी धरली, दोन-चार श्वास घेतले. आता वर येणार, असं वाटत असतानाच तिने दोरी सोडली आणि पुन्हा हातपाय मारायला सुरुवात केली. हळूहळू, खूप हळू, पण तिने काठाला हात लावलाच.

किल्लीवाले कधी उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही. "आली! आली!" म्हणत ते टाळ्या वाजवत होते. मेहुणीनेही टाळ्या वाजवल्या, त्यामुळे अँटेना खाली पडली आणि चित्र गेलं.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "वय झालं गं माझं. स्वतःचा आकडा विसरलो."

"तुम्ही नाही विसरलात." बायको खाली मान घालून म्हणाली. "पुटपुटत दाबता तुम्ही. मी ऐकला, काल बदलला आणि कुलूप लावून ठेवलं. सगळ्यांसमोर हसं नको व्हायला म्हणून."

ते हसू लागले. "पक्की आहेस! आणि नवा कुठला ठेवलास?"

"लग्नाची तारीख."

"पण ती तर मी टाकली!"

"तुम्ही बावीस टाकलीत. आपलं लग्न तेवीसला झालं. बावीसला तुमच्या दुकानाचं उद्घाटन होतं."

किल्लीवाल्यांनी स्वतः उठून चहा टाकला.

पुढच्या सोमवारी दुकान तासभर उशिरा उघडलं. साठीच्या वरच्या पुरुषांच्या गटात एकही नाव नाही, असं पोहण्याच्या बाईंनी जाता जाता सांगितलं होतं, आणि बायकोने परस्पर एक नाव देऊन टाकलं होतं. किल्लीवाले कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून उभे होते.

"सोडा आता," शेजारून पोहत जाताना बायको म्हणाली.

"सोडतो," ते म्हणाले. "पण पहिला नंबर नक्की ना?"