रीसेट पिनची दुपार

तासगावच्या बेदाणा शीतगृहातल्या बिनतारी यंत्राची रीसेट पिन दुपारी जेवणानंतर झोपते, असं माहितीपुस्तिकेच्या सत्तेचाळिसाव्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं. सुरेखा उपाध्येने नेमकं तेच पान वाचलं नव्हतं.

यंत्रातली वायरलेस चिप चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम, तिनेच लिहिलेला. पिन एकदा खाली जाऊन वर आली, की चिप सुरू व्हायची आणि आतलं तापमान बाहेर कळायचं. आज दुपारी दोनपासून काहीच कळत नव्हतं. शीतगृहाचे मालक शिरगुप्पे यांनी पाटीवर खडूने ‘मुदत चारपर्यंत’ असं लिहून ठेवलं होतं. त्यानंतर यंत्र भंगारात. सुरेखाची दोन वर्षांची मेहनत होती ती.

तिने झाकण उघडून पिनलाच विचारलं, “उठत का नाही तुम्ही?”

“तुमचा ड्रायव्हर वाट अडवून हाका मारतो,” पिन जांभई देत म्हणाली. “मागे यंत्राची बाकीची सगळी कामं खोळंबलेली. अशा हाकेला उठायचं नाही, हा आमचा नियम आहे. ज्याला थांबायला सवड आहे, त्यानंच बोलवावं.”

शिरगुप्प्यांनी चष्मा लावून पुस्तिका चाळली. “बरोबर हाय की तिचं. लिवलंयच हितं.”

सुरेखा ओशाळली. तिने प्रोग्राम उघडला, पिनची हाक गर्दीतून उचलून निवांत जागी ठेवली आणि मागच्या कामांना वाट करून दिली. मग पुन्हा बोलावलं.

“आलेच,” पिन म्हणाली आणि कुशीवर वळली.

चार वाजले. शिरगुप्प्यांनी घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली आणि सुरेखाकडेही पाहिलं.

“जेवलीस का गं?”

“नाही, काका.”

त्यांनी पाटीवरचं ‘चार’ पुसून ‘पिन उठेस्तोवर’ असं लिहिलं आणि घरून आलेला डबा तिच्यापुढे सरकवला. मेथीची भाजी होती, भाकरी अजून मऊ होती. सुरेखा पोटभर जेवली. किती दिवसांनी ती अशी बसून जेवत होती, कुणास ठाऊक. तिला फार बरं वाटलं.

चार वाजून वीस मिनिटांनी पिन खाली गेली, जरा थांबली आणि वर आली. पडद्यावर चार अंश दिसले.

दुसऱ्या दिवसापासून शिरगुप्पे दुपारी शीतगृहाचं दार हळू लावायला लागले.