चोरीला गेलेला वेग

‘लिही,’ हे म्हणाले. ‘उंच, सडसडीत बांधा. गरुडाची नजर. एका दृष्टिक्षेपात समोरच्याचा सगळा भूतकाळ वाचून काढणारा...’

मी लिहून घेतलं. लग्नाला तीस वर्षं झाली की बाई बरंच काही लिहून घेते. पण वाचणाऱ्याची फसवणूक नको म्हणून सांगते, ह्यांची उंची माझ्याहून दोन बोटं कमी आहे. सडसडीत बांधा लग्नात होता, त्याचे फोटो आहेत. गरुडाची नजर परवाच चष्मेवाल्याकडे दुरुस्तीला टाकली आहे. समोरच्याचा भूतकाळ हे एका दृष्टिक्षेपात वाचतात हे मात्र अगदी खरं, फक्त तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी निघतो.

हे वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी लागली. आतापर्यंत दोन केसेस आल्या. एक गच्चीवरून नाहीशी झालेली उशी आणि दुसरी लिफ्टमधला वास. उशी वाऱ्याने उडून गेली होती. वास अजून आहे.

तिसरी केस घेऊन आले ते चिमणीचे काका. चिमणी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय तेरा. लहानपणी एवढीशी होती म्हणून चिमणी. आता अंपायरशी बोलताना अंपायरला मान वर करावी लागते. आमच्या भागातल्या क्लबची ती सगळ्यात वेगवान बॉलर, आणि तिचे काका चौदा वर्षांखालच्या टीमचे कोच. आमच्या दिवाणखान्यात बसतानासुद्धा त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

‘अण्णा, चोरी झालीय,’ ते म्हणाले. घरातली सगळी मंडळी ह्यांना अण्णा म्हणतात.

‘काय गेलं?’

‘चिमणीचा वेग.’

ह्यांनी वही उघडली. ‘शेवटचा कुठे पाहिला होतात?’

‘गेल्या महिन्यात, पॅव्हेलियनच्या टोकाकडून टाकत होती तेव्हा. समोरच्या मुली हेल्मेट आवळून उभ्या राहायच्या. आता बॉल इतका सावकाश जातो, की तेवढ्या वेळात समोरची बुटाची लेस बांधून घेते! आणि येत्या रविवारी फायनल आहे हो!’ काकांनी शिट्टी ओठांशी धरून सुस्कारा सोडला. शिट्टीत थोडी हवा गेली असावी, कारण ती बारीकशी वाजली.

‘समोरच्या क्लबचा हात आहे,’ हे डोळे मिटून म्हणाले. तपासाला सुरुवात झाली ती अशी, शेवटापासून.

ह्यांचा पहिला संशय बॉलवर होता. प्रतिस्पर्ध्यांनी जड बॉल घुसवला असणार, असं म्हणून ह्यांनी क्लबातले सगळे बॉल घरी आणले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. बॉल चोख निघाले. काटा मात्र खोटा निघाला आणि ह्यांनी तो पुरावा म्हणून जप्त केला. तेव्हापासून मी स्वयंपाक अंदाजाने करते.

दुसरा सिद्धांत जुळ्या बहिणींचा. एक वेगवान, एक मंद. मंद बहीण मैदानात उतरवून वेगवान बहीण कुठेतरी डांबून ठेवली आहे! हे तडक माझ्या बहिणीकडे गेले. ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि नुकतीच रात्रपाळी करून आली होती.

‘अण्णा, जुळं झालं असतं तर माझ्या लक्षात आलं असतं ना?’ ती म्हणाली.

‘धावपळीत राहून जातं माणसाच्या,’ हे समजुतीने म्हणाले.

तिने दार लावून घेतलं. तिच्या जागी मी असते तर आधीच लावलं असतं.

मग ह्यांना कळलं, की समोरच्या क्लबने चिमणीच्या वयाबद्दल तक्रार केली आहे. एवढी उंच मुलगी चौदाच्या आतली असूच शकत नाही म्हणे. ह्यांचे कान टवकारले. दोन दिवस हे नेटच्या मागे एका झुडपात बसून चिमणीवर पाळत ठेवत होते. सोबत थर्मास आणि उशी घेऊन मी. दुसऱ्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा हे पांढरेफटक पडले होते.

‘निष्कर्ष भयंकर आहे,’ हे म्हणाले. ‘बसताना ती “आई गं” म्हणते. उठताना गुडघ्यावर हात ठेवते. सारखी जांभई देते. केस विंचरायला तिचा उजवा हात वर जात नाही. गाडीत बसल्याबरोबर तोंड उघडं टाकून झोपते. ही लक्षणं मी जवळून ओळखतो. ही मुलगी तेरा वर्षांची नाही. कमीत कमी बेचाळीस!’

‘अहो, तिची आई अडतीस वर्षांची आहे.’

‘म्हणजे कट पार आईपर्यंत पोचलाय,’ हे म्हणाले आणि वहीत जाड रेघ ओढली.

मी हसले, पण ती विंचरण्याची गोष्ट मनाला खात राहिली. दुसऱ्या दिवशी नेटजवळच्या बाकावर मीच चिमणीचे केस विंचरायला घेतले. ती गप्प बसून होती. एरवी ही मुलगी पाच मिनिटं गप्प बसली तर आम्ही ताप बघतो.

‘मावशी, एक सांगू? कोणाला सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘रविवारी फायनल झाली की मी बंद करणार.’

‘काय बंद करणार?’

‘क्रिकेट. बॉल हातात घेतला ना, की रडू येतं मला.’

पाच वर्षांची असताना हीच पोरगी उशाखाली बॉल घेऊन झोपायची. ‘कोणी त्रास देतंय का गं?’

‘छे. सगळे चांगलेच आहेत,’ ती म्हणाली. ‘तेच तर ना.’

घरी येऊन मी ह्यांना बजावलं, की हे झुडपातले खेळ पुरे, पोरगी खेळ सोडायला निघालीय, रविवारच्या आत काय ते शोधा. हे गंभीर झाले. म्हणाले, ‘सगळ्या संशयितांना एका खोलीत बोलव.’

बोलवायला काय जातंय? पण आमच्या क्लबात ‘एका खोलीत’ हेच कठीण. चौदाखालच्या टीमचे कोच चिमणीचे काका. सोळाखालच्या टीमचा कोच चिमणीचा मामा, म्हणजे माझाच भाऊ. माझ्या बहिणीच्या लग्नात फोटो काढताना काकांनी मामाला ‘जरा बाजूला सरका’ म्हटलं आणि मामा इतका सरकला, की फोटोत त्याची फक्त बाही आली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मैदान कोणाला कधी हवंय ते नोटीस बोर्डावर लिहितात. बायकांच्या टीमची कॅप्टन म्हणजे चिमणीची आत्या. ती भावाच्या बाजूने, त्यामुळे तीही मामाशी बोलत नाही. असा हा क्लब खेळीमेळीने चालला होता.

केस चिमणीची म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिघंही आले. क्लबाच्या खोलीत तीन भिंतींना तीन खुर्च्या लावाव्या लागल्या. चिमणी प्रॅक्टिस संपवून कोपऱ्यातल्या किटबॅगांवर आडवी झाली होती आणि गाढ झोपली होती.

हे मध्यभागी उभे राहिले. हात मागे बांधले. ‘गुन्हा शनिवारी घडला,’ हे म्हणाले. ‘शनिवारी सकाळी आपण कुठे होता?’

‘मैदानावर,’ काका म्हणाले. ‘लीगची मॅच होती.’

‘साक्षीदार?’

‘चिमणीला विचारा. तीच बॉलिंग टाकत होती. नियमाप्रमाणे हां. या वयाला जेवढ्या ओव्हर ठरल्यात तेवढ्याच. एक जास्त नाही. पोरांच्या खांद्याशी खेळ नाही आपल्याकडे.’

ह्यांनी मामाकडे बोट केलं. ‘दुपारी आपण?’

‘मॅच,’ मामा भिंतीकडे बघत म्हणाला. ‘चिमणी होती ना माझ्याकडे. हुशार मुलांना वरच्या गटात खेळवता येतं. आणि मोजूनमापून दिल्या ओव्हर. नियम म्हणजे नियम.’

‘आणि संध्याकाळी?’

‘मी दिव्यांच्या उजेडात मॅच खेळत होते,’ आत्या म्हणाली. ‘विचारा चिमणीला. पहिली ओव्हर तिनेच टाकली.’

ह्यांनी वही मिटली. ‘तिघांना साक्षीदार एकच!’ हे गरजले. ‘मुलगी फितूर आहे!’

‘अहो, जरा थांबा,’ मी म्हणाले. ‘म्हणजे सकाळी काकांकडे, दुपारी मामाकडे आणि रात्री आत्याकडे?’

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांनी मामाकडे बघितलं.

‘तुम्हीसुद्धा टाकायला लावता तिला?’

‘तुम्हीसुद्धा म्हणजे?’ मामा म्हणाला. ‘मला वाटलं, तुमच्याकडे नुसती फील्डिंगला असते!’

‘मला वाटलं, ती माझ्याकडेच काय ते दमते,’ आत्या म्हणाली.

‘पण नियम तर कोणीच मोडला नाही,’ काका पुटपुटले.

‘नियम मॅचला होता ना,’ मी म्हणाले. ‘पोरगी मोजली कोणी?’

एवढ्यात दार उघडलं. माझी बहीण ड्युटीवरून परस्पर लेकीला न्यायला आली होती, अंगात युनिफॉर्म तसाच. दारात उभं राहून तिने शेवटचं सगळं ऐकलं होतं.

‘मला रोज सांगतात, क्लबात नेतोय. क्लब एकच, मला काय ठाऊक मॅचेस किती?’ ती म्हणाली. ‘पण तिघं झाले. मग शनिवारी उजाडायच्या आत माझ्या दाराशी येऊन हॉर्न कोण वाजवतं?’

हे अचानक वहीत काहीतरी शोधू लागले.

‘अहो?’ मी म्हणाले.

‘ते... आमच्या चाळीशीपुढच्या संघात,’ हे वहीतच बघत म्हणाले, ‘पळत येऊन टाकणारं कोणी उरलं नाही. पळत आलो तर टाकता येत नाही, आणि टाकलं तर परत जाता येत नाही. म्हणून जरा...’

‘चाळीशीपुढच्या? अण्णा, ती तेरा वर्षांची आहे!’

‘सरासरी काढा,’ हे म्हणाले. ‘आमचे विकेटकीपर एकोणऐंशीचे आहेत. सरासरी व्यवस्थित बसते.’

समोरच्या क्लबने तक्रार केली होती ती चिमणी मोठी आहे म्हणून. ती लहान आहे, हे आमच्याकडच्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा शहाणा माझ्याच घरात राहतो. मला भयंकर राग आला होता. त्यात हे सगळे वाटाघाटीला लागले. काका म्हणाले, फायनल तेवढी होऊ दे. मामा म्हणाला, मग माझी सेमीफायनल का नको? आत्या म्हणाली, मुली कमी आहेत हो माझ्याकडे.

‘तिला विचारा!’ मी ओरडले.

त्या आवाजाने चिमणी दचकून जागी झाली. डोळे अर्धवट उघडे. ‘माझी ओव्हर आली?’ असं म्हणत ती गुडघ्यावर हात ठेवून खरोखरच उठायला लागली.

बहिणीने जाऊन तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

‘अगं, सांगायचं नाहीस का?’ ती म्हणाली.

‘कोणाला सांगू?’ चिमणी म्हणाली. ‘मामाकडे जाते म्हटलं की काका रुसतात. काकांचं नाव काढलं की मामा जेवत नाही. आत्याकडे मुली नाहीत. आणि अण्णांच्या टीमचे आजोबा म्हणतात, तू आलीस की आम्हाला बरं वाटतं.’

‘आता तुला काय हवंय?’ मी विचारलं.

‘झोप,’ ती म्हणाली. मग काकांकडे बघून घाबरत म्हणाली, ‘पण फायनल...’

काकांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. त्यांना ते जड गेलं, दिसत होतं. ‘फायनल होत असते गं,’ ते म्हणाले. ‘जा, झोप तू.’

रविवारी आम्ही फायनल हरलो, आणि चांगली सणसणीत हरलो. चिमणी दुपारपर्यंत झोपली होती. डॉक्टर म्हणाले, खांदा फाटलेला नाही, पण थकलाय. महिनाभर बॉलला हात लावायचा नाही. आता दोन कोच, एक कॅप्टन आणि एक अण्णा दर आठवड्याला एका टेबलाशी बसून कोण कोणाला खेळवणार ते ठरवतात. काका आणि मामा एकमेकांशी बोलतात, पण फक्त ओव्हरबद्दल. चाळीशीपुढचा संघ उभ्या जागेवरून बॉलिंग टाकतो. केसच्या अहवालात ह्यांनी ‘गुन्हेगार सापडला’ एवढंच लिहिलं होतं. नाव मी घातलं.

मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच काळजीने. महिना संपला, पण चिमणी मैदानाकडे फिरकली नाही. कोणी विषय काढायचा नाही, असं बहिणीने सगळ्यांना बजावलं होतं. पोरगी खेळाला कायमची मुकली, असं मी मनात धरून चालले होते.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात चिमणी, हातात बॉल.

हे ताठ झाले. ‘कोणी पाठवलं तुला?’

‘कोणी नाही.’

‘या आठवड्यात किती ओव्हर टाकल्यास?’

‘एकही नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर आले. अण्णा, खाली येता?’

खाली पार्किंगमध्ये तिने कचऱ्याचा रिकामा डबा उभा केला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ह्यांनी बॅट टेकवली, डोळे बारीक केले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की बॉलरच्या मनगटावरून बॉल कुठे पडणार ते आपल्याला आधीच कळतं. चिमणी पळत आली. बॅट जमिनीवरून उचलली जायच्या आत डबा आडवा होऊन गडगडत भिंतीपर्यंत गेला होता.

‘मी तयार नव्हतो!’ हे म्हणाले.

चिमणी खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी तिचं ते हसू ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. ह्यांनी जाऊन डबा सरळ केला, बॉल शोधून आणून तिच्या हातात दिला.

‘अजून एक?’ ह्यांनी विचारलं.

तिने खांदा एकदा फिरवून बघितला, क्षणभर विचार केला आणि बॉल खिशात टाकला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘आज एकच. उद्या येते.’